हात लावायचं चित्र

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या आठवड्यात मी फळ्यावर ‘पोत’ असा शब्द लिहिला आणि वर्गाला विचारलं, "याचा अर्थ कोण सांगेल?"

"पोतं," पहिल्या रांगेतून उत्तर आलं. "तांदळाचं."

"पोतं नाही. पोत. अनुस्वार नाही त्याच्यावर, नीट वाच."

मग एक मुलगी उभी राहिली. "बाई, पोत म्हंजी माझ्या आईच्या गळ्यातली. काळ्या मण्यांची." बोलता बोलता तिनं माझ्या गळ्याकडं पाहिलं. तिच्यामागोमाग सगळ्या वर्गानं पाहिलं. "तुमच्या गळ्यात न्हाई," ती म्हणाली.

"माझ्या गळ्यात नाही. पण तुझा अर्थ बरोबर आहे. आणखी एक अर्थ आहे."

तो आणखी एक अर्थ मी घरून तयारी करून आणला होता, पण चौथीतल्या एका मुलानं तो माझ्याआधी सांगून टाकला. त्याच्या घरची निम्मी जमीन कारखान्याच्या शेडखाली गेली होती. तो म्हणाला, "आमचा आज्जा म्हनतो, जिमिनीचा पोत ऱ्हायला न्हाई. माती हातात घ्येतली की कळतं."

"काय कळतं?"

"त्ये आज्ज्यालाच कळतं. मला नुसती माती लागती."

मी फळ्यावरचा शब्द पुसला नाही. त्याच्याखाली खरबरीत, गुळगुळीत, मऊ, चरचरीत असे शब्द मुलांकडून घेऊन लिहीत गेले. एकानं ‘बुळबुळीत’ सांगितला आणि सगळे हसले. तासाची घंटा झाली तरी कुणी उठेना.

आमची शाळा उरवड्याच्या पुढं, डोंगराला टेकलेल्या एका वाडीत आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी गुरुजींकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. त्या वर्षी माझ्या दोन्ही वर्गांत मिळून सतरा मुलं होती. मी राहायला खाली उरवड्यात होते. घरमालकांनी शेतात तीन मजली इमारत बांधून एकेक खोली भाड्यानं दिली होती. माझ्या मजल्यावर बाकी सगळी कारखान्यात पाळीवर जाणारी माणसं होती, बहुतेक हिंदी बोलणारी. ती कामावरून यायची तेव्हा मी निघालेली असायची, आणि मी यायची तेव्हा ती झोपलेली किंवा परत गेलेली. शेजाऱ्यांना मी त्यांच्या दाराबाहेरच्या चपलांवरून ओळखायची. निळी पट्टी घरात आहे, तुटक्या अंगठ्याची अजून आलेली नाही, असं. कुणाचा चेहरा सांगा म्हटलं तर मला सांगता आला नसता.

पोताचा पाठ एका तासाचाच होता. मी तो आठवडाभर ताणला. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला पातळ कागद आणि मेणखडू दिला आणि म्हटलं, शाळेच्या आवारात काहीही शोधा, त्याच्यावर कागद धरा, खडू आडवा करून घासा. मुलं सुटली. कुणी पायरीवर, कुणी हापशाच्या दांड्यावर, कुणी गुरुजींच्या मोटरसायकलच्या टायरवर. कुंपणापाशी ऐनाचं झाड आहे. त्याच्या सालीचा ठसा कागदावर उमटला तेव्हा एकजण म्हणाला, "बाई, ही मगर हाय." त्यानं मगर कधी पाहिली नव्हती, पण बरोबर होतं.

गुरुजी त्यांच्या दारात मोबाईलवर कसली तरी माहिती भरत उभे होते. म्हणाले, "बाई, याचा एक फोटो काढून ठेवा. वरून मागतील." जरा थांबून म्हणाले, "माझा टायर झकास आलाय पण."

मग ठरलं की वर्गानं मिळून एक मोठं चित्र करायचं. डोळ्यांनी बघायचं नाही, हात लावून बघायचं. आपली वाडीच त्यात करायची, आणि प्रत्येकानं घरून काहीतरी आणायचं. गुरुजींनी कुठून तरी प्लायवूडचा एक तुकडा मिळवला, दरवाज्याएवढा. मुलं पिशव्या भरभरून आणू लागली. भाताचा तूस, काथ्या, गोवरीचा तुकडा, कारखान्यातून वडिलांनी आणलेला पॉलिशपेपर, पुठ्ठे, फोमचे तुकडे. वर्गाचा कोपरा उकिरड्यासारखा दिसायला लागला.

चौथीतली एक मुलगी मात्र काही आणत नव्हती. ती दाराशी बसायची. घर धनगराचं. पावसाळ्यात त्यांची मेंढरं चुलता उगवतीकडं कोरड्या मुलखात घेऊन जायचा, दिवाळीनंतर माघारी आणायचा. मेंढरं परत आली की हिच्या कपड्यांना त्यांचा वास यायचा, आणि पोरी जरा सरकून बसायच्या. मी आधीच्या वर्षी एकदोनदा रागावून पोरींना तिच्याजवळ बसवलं होतं. पण बळजबरीनं बसवलं की मुलं अंग चोरून बसतात आणि ते जास्त दिसतं. मग मी ते सोडून दिलं. तीही काही म्हणायची नाही. शाळा सुटली की सगळ्यांच्या मागं, एकटीच चालत जायची. मी गाडीवरून तिला ओलांडून जायची तेव्हा ती कडेला थांबायची आणि मी लांब जाईपर्यंत तशीच उभी राहायची. आरशात दिसायची.

शनिवारी मी खेळ घेतला. पिशवीत सामान घातलं, माझी ओढणी मुलांच्या डोळ्यांना बांधली आणि हातानं ओळखायला सांगितलं. बहुतेकांची तीन-चारवर गाडी अडली. हिची पाळी आली तेव्हा वर्ग आपसांत बोलत होता, कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं पिशवीत हात घातला आणि थांबलीच नाही. "काथ्या. तूस. गव्हाचा कोंडा, तांदळाचा न्हाई. ही पिपळाच्या पानाची जाळी." पॉलिशपेपरवर तिनं अंगठा फिरवला. "हे नाव मला ठावं न्हाई. मांजराच्या जिभंवानी हाय."

मागची पोरं पुढं सरकली होती. कुणीतरी म्हणालं, "बाई, हिला आमचा हात वळखायला सांगा." आणि ज्या पोरी सरकून बसायच्या त्यांनीच हात पुढं केले. तिनं एकेक हात धरून, उलटा करून, बोटं चाचपून नाव सांगितलं. एकीच्या अंगठ्यावरची चामखीळ, एकाचं कुरतडलेलं नख, एकाचा कायम घामेजलेला तळवा. वर्षानुवर्षं लांबून तिनं हे सगळं बघून ठेवलं असणार. एकही चुकलं नाही.

मग पोरांनी माझ्याकडं खुणा केल्या. बाई, तुमी. मी खुर्चीवरून उठले, तिच्यासमोर बसले आणि हात पुढं केला.

तिनं तो दोन्ही हातांत घेतला. तळव्यावर बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"ह्यो हात न्हाई," ती म्हणाली. "कागुद हाय."

एकदम हशा पिकला. पोरं बाकांवर हात आपटून हसली. तिनं ओढणी वर सरकवली, मी दिसले आणि तिचा चेहरा उतरला. मीही हसले. म्हटलं, "बरोबर ओळखलंस की. खडू धरून धरून कागद झालाय." पण तिनं माझा हात सोडला तेव्हा तो मी लगेच मागं घेतला नाही, हे मला आठवतं. तो तसाच हवेत राहिला थोडा वेळ.

घरी येऊन भात टाकला आणि हात बघत बसले. खरंच कागद झाला होता. तळव्याच्या रेषांत खडूची पांढरी भुकटी, बोटांची टोकं सोललेली.

पूर्वी असा नव्हता. पूर्वी माझ्या हाताला खडू ठरायचा नाही, निसटायचा. कारण त्याच खोलीत चार वर्षं आई अंथरुणावर होती. आमचं गाव सोलापूरकडचं. तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा भाऊ म्हणाला, तू एकटीच आहेस, तुला जमेल, आणि मला जमलंही. शाळेत जाताना घरमालकीणबाईंकडं किल्ली ठेवायची, दुपारी त्या डोकावून जायच्या. संध्याकाळी मी आल्यावर आईच्या पायांना तेल लावायची. रोज. हातातलं तेल धुवूनही जायचं नाही. वह्या तपासताना पानांवर बोटांचे डाग पडायचे आणि मुलं तक्रार करायची, "बाई, वहीवर चटणीभाकरी खाल्ली का?"

आईच्या टाचा आयुष्यभर ज्वारीच्या रानात फिरलेल्या. भेगा अशा की लहानपणी मी त्यांत ज्वारीचा दाणा बसवून बघायची, आणि तो बसायचा. ती रागवायची नाही, पाय तसाच ठेवायची. अंथरुणाला खिळल्यावर पहिल्या वर्षी त्या भेगा मिटायला लागल्या. दुसऱ्या वर्षी टाचा पिवळट, मग गुलाबी झाल्या. एका संध्याकाळी तेल लावताना माझ्या लक्षात आलं की माझ्या मुठीत लहान बाळाची टाच आहे. डॉक्टरांनी जे कधी स्पष्ट सांगितलं नव्हतं ते मला तेव्हा समजलं. आई आता पुन्हा चालणार नव्हती. मी तिला म्हटलं, "टाचा किती छान झाल्या तुझ्या." तिला बोलता येत नव्हतं. तिनं चांगला हात हलवला, जाऊ दे अशासारखा.

ती जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत माझ्या हाताला माणसाचा हात कितीदा लागला असेल, याचा मी त्या संध्याकाळी विचार केला. दुकानदार सुटे पैसे काउंटरवर ठेवतो. भाऊ रविवारी फोन करतो. मुलं पाया पडतात तेव्हा सँडलला हात लावतात. भात करपल्याचा वास आला म्हणून उठले.

सोमवारी ती आली नाही. मला वाटलं, घाबरली. मंगळवारी आली आणि मधल्या सुट्टीत टेबलाशी येऊन उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "बाई, रविवारी मेंढरं कातरायची हायेत. आई म्हनली, चित्राला लोकर पायजे आसंल तर बाईंनाच ये म्हनावं."

रविवारी मी गेले. वाडीच्या वर, पठाराच्या कडेला त्यांचं पत्र्याचं घर होतं. तीसेक मेंढरं, आदल्या दिवशी ओढ्यात धुतलेली. तिचे वडील आणि चुलता एकेक मेंढी आडवी पाडून, पाय बांधून, मोठ्या कात्रीनं लोकर उतरवत होते. मी पाहुण्यासारखी उभी होते. तिची आई माझ्याच वयाची असेल. ती म्हणाली, "हुब्या कशाला? बसा हितं. हिला धरा. मान दाबू नका, नुसता हात ठिवा."

मी मेंढीच्या मानेवर हात ठेवला. आत गरम होतं. श्वास हाताला लागत होता. लोकर वरून धुळकट दिसायची, पण बोटं आत रुतवली की मुळाशी चिकट, तेलकट, दाट. कात्री चालायची तसतशी ती गोधडीसारखी सलग उलगडत जायची आणि आतून बारीक झालेली, लाजल्यासारखी मेंढी उठून पळायची. मुलगी माझ्या शेजारी बसून एकेकीचं सांगत होती. ही म्हातारी हाय, हिची लोकर तुटती. ही पयल्यांदाच कातरतुया, हिची मऊ. शाळेत ती वर्षभरात जेवढं बोलली नसेल तेवढं त्या सकाळी बोलली.

चहा पिताना तिच्या आईनं विचारलं, "एकल्याच ऱ्हाता न्हवं?"

"हो."

"लेकरंबाळं?"

"लग्नच नाही केलं."

तिनं बशीत चहा ओतला. "मग बरं हाय. कुनाचं ऐकाया लागत न्हाई." चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "आन सांगायाबी कुनी न्हाई."

मला त्याचं वाईट वाटलं नाही. इतक्या सरळ कुणी बोललंच नव्हतं माझ्याशी.

निघताना तिनं लोकरीची एक पिशवी दिली आणि माझा हात धरून वळवून बघितला. "बगा," ती म्हणाली, "सकाळच्यापरीस मऊ झालं." लेकीनं घरी सांगितलेलं असणार. मुलगी आईच्या पाठीमागं तोंड लपवून उभी होती.

चित्र व्हायला तीन आठवडे लागले. तुसाची भातखाचरं झाली, पॉलिशपेपरचा रस्ता झाला, पन्हाळीदार पुठ्ठ्याची कारखान्याची शेडं झाली. वाडीवरून दिसणाऱ्या धरणाच्या पाण्याला प्लॅस्टिकची गुळगुळीत पिशवी लावली. ज्याच्या आज्ज्याची जमीन होती त्यानं स्वतःच्या शेताच्या जागी फरशीचा तुकडा आणला. डोंगर ऐनाच्या सालीच्या ठशांचा. आणि वर पठारावर त्या मुलीनं लोकर लावली. बोटभर जाडीची, सगळ्या चित्रात सर्वांत मऊ जागा. पोरं येताजाता तिथंच हात घालायची.

घरं चिकटवताना कुणीतरी विचारलं, "बाईंचं घर कुटं लावायचं?"

"बाई शाळेतच ऱ्हात्यात," पहिलीतलं एक पोर दारातून म्हणालं.

मी ती चूक दुरुस्त केली नाही. वर्गानंही केली नाही. शाळेच्या जागी काड्यापेटीचा खरबरीत कागद होता, त्यातच मी आले असं धरलं.

चित्र व्हरांड्यात, मुलांच्या हाताला येईल असं लावलं. तिच्याजवळ आता पोरी बसायला लागल्या होत्या, निदान दोघी.

संक्रांतीनंतर पठारावर खांब उभे राहिले आणि तारेचं कुंपण आलं. मेंढरं चरायची त्या जागेवर प्लॉट पडणार होते. एका सकाळी हजेरी घेताना मी तिचं नाव घेतलं, तेव्हा ती "हजर" म्हणायच्या ऐवजी म्हणाली, "मेंढरं इकली." तेवढंच. खाली बसली. मी पुढचं नाव घेतलं.

त्यानंतर ती व्हरांड्यातून जाताना चित्राच्या बाजूनं जायची नाही, पलीकडच्या खांबाकडून जायची. मी ते पाहत होते आणि मला काय करावं ते सुचत नव्हतं. तिला जवळ घ्यावं, असं वाटायचं. पण मला ते येत नाही. आईखेरीज मी कुणाला जवळ घेतलेलं नाही.

फेब्रुवारीत एकदा मधल्या सुट्टीनंतर वर्गात आले तर गलका. "बाई, हिनं लोकर काढली. सगळी काढली. चित्राचं वाटुळं क्येलं." मी व्हरांड्यात जाऊन पाहिलं. पठाराच्या जागी वाळलेल्या डिंकाचा पिवळा, टणक पट्टा होता. कुठं कुठं दोन-चार केस अडकलेले. आत आले. ती जागेवर बसलेली, दप्तर पोटाशी घट्ट धरलेलं. तिच्याजवळ बसणाऱ्या दोघी उठून उभ्या होत्या.

"मीच सांगितलं होतं तिला काढायला," मी म्हटलं. "किडे होत होते त्याच्यात."

"मला तर दिसलं न्हाईत," एकजण म्हणाला.

"मला दिसले. बसा सगळे. परिसर अभ्यास काढा."

दोघी बसल्या. तिनं दप्तर सोडलं नाही, पण मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. मुलांसमोर मी खोटं बोलले ते तेवढंच, आणि ते तिला माहीत होतं. आम्ही दोघींनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. शाळा सुटल्यावर गुरुजींनी विचारलं, "किडे होते खरंच?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मोटरसायकल सुरू केली.

जूनमध्ये ती पाचवीला खाली पिरंगुटच्या शाळेत गेली. निकालाच्या दिवशी कागद घ्यायला आईबरोबर आली होती. तिच्या आईनं आता कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकरी करायचं काम धरलं होतं. घाईत होत्या. मी म्हटलं, "अभ्यास कर." तिनं मान डोलावली.

चित्र पावसाळ्यात खराब झालं. तुसात सोनकिडे झाले, खरेच, आणि कागदाला बुरशी धरली. मी एका सुट्टीच्या दिवशी एकटीच जाऊन पत्र्याच्या तुकड्यानं सगळं खरवडून काढलं आणि प्लाय धुवून उन्हात लावला. गुरुजींनी त्याची नंतर नोटीसफळी केली.

आता ती सातवीत आहे. सकाळी मी गाडीवर वाडीकडं चढत असते तेव्हा कधी कधी ती फाट्यावर बसची वाट बघत उभी दिसते. उंच झाली आहे. बरोबर चार-पाच मैत्रिणी असतात, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकलेल्या, काहीतरी सांगून हसत असतात. तिचं रस्त्याकडं लक्ष नसतं. मी हॉर्न वाजवत नाही.